पाहुण्यांसाठी भरलेली बाटली

प्रॅक्टिकल चालू असताना अंकुश मामांच्या सुनेचा फोन आला. "मॅडम, मामा गेले," एवढंच ती म्हणाली... मी मुलांना बर्नर बंद करायला सांगितलं आणि स्टुलावर बसून राहिले. त्याला महिना उलटून गेला. मामा धाराशिवच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. कागदावर माझ्या हाताखाली, पण पाण्याचा आणि मातीचा नमुना कसा घ्यायचा हे मला त्यांनीच शिकवलं. आधी स्वच्छ जागेचा घ्यायचा, मग घाणीकडं सरकायचं, बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळखळून धुवायची. मी घाई केली की म्हणायचे, "मॅडम, पाणी कुठं पळून चाललंय व्हय?" मला राग यायचा. माझा स्वभावच उतावळा.

येरमाळ्याच्या पुढं एका गावाजवळ फटाक्यांची बंद पडलेली शेड होती. तिथली दारू मातीत मुरून पिण्याच्या पाण्यात उतरली का, हे आम्हाला पाहायचं होतं. नकाशा मामांनी काढला. शेडच्या वरच्या अंगाला विहीर, खाली उतारावर बोअर. विहिरीचं पाणी आणि शेडभोवतीची माती आम्ही घेतली, पण बोअरला लाईट पहाटेच यायची. म्हणून मी तिथल्या शेतातल्या आजींकडं बाटली दिली, "सकाळी भरून ठेवा," म्हणाले आणि निघाले.

ते पाणी तपासणीत एकदम स्वच्छ निघालं. मी खूश होऊन आजींच्या घरी फोनही करून टाकला. मामा मात्र आकड्यांकडं बघत बसले. "वरच्या विहिरीपेक्षा खालचं बोअर गोड? हे जमिनीचं पाणी न्हाय, मॅडम." मी चिडले. त्यांनी वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकलवर मागं बसवून सरळ गावात नेलं. आजी कौतुकानं सांगू लागल्या, "तुमी एवढ्या लांबून आलेले पावणे. तुमास्नी बोअरचं खारं पाणी कसं द्यावं? जार मागवला अन् त्यातलं भरलं." आणि तिथंच त्यांची सून तान्ह्या लेकीसाठी बोअरच्या पाण्यात दुधाची पावडर कालवत होती. मी "पाणी चांगलं आहे" म्हटल्यापासून ती निर्धास्त होती.

मामांनी तिला हळूच थांबवलं. "निकाल येस्तोवर लेकराला जारचंच पाणी द्या." आजी रडवेल्या झाल्या, तसे मामा हात जोडून म्हणाले, "तुमची चूक न्हाय, आजी. बाटली कशाला हाय ते म्याच नीट सांगितलं न्हाय." बाटली मी दिली होती. तरी मी खाली बघून नव्या बाटलीवर तारीख लिहीत राहिले. पहाटे लाईट आल्यावर घेतलेल्या नव्या नमुन्यात फटाक्यांच्या दारूतलं, तान्ह्या लेकरांना घातक असलेलं नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर निघालं. लेकरू सुखरूप राहिलं. पण "मामा, चूक माझी होती," हे मी कधीच म्हणाले नाही. परतताना रस्ताभर नाही, त्यांच्या निरोप समारंभातही नाही. याची मला आजही लाज वाटते.

ते निवृत्त झाल्यावरही त्यांचं कपाट आम्ही कुणाला दिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात ते आवरताना नमुन्यांची वही हाती लागली. त्या दिवसाची नोंद त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आहे, 'बोअरचा नमुना रद्द. सूचना देण्यात चूक : अंकुश.' नोंदीत गिरवागिरवी त्यांना चालत नसे. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहून सही करायची. मी त्यांच्या नावावर रेघ मारली. शेजारी माझं नाव लिहिलं, सही केली... आणि रिकाम्या प्रयोगशाळेत मोठ्यानं म्हणाले, "मामा, बघा बरं, आता बरोबर झालं का?"