येथे धावा मिळणार नाहीत

"हरलो आम्ही," असं ते रोज सकाळी सांगत. बाहेर ढग आलेत म्हणून सांगावं तितक्या कोरड्या आवाजात सांगत आणि कॉम्प्युटर सुरू करत.

हे 'आम्ही' म्हणजे अमेरिकेतल्या एका गावाचा व्यावसायिक बेसबॉल संघ. २०१५ च्या सुमारास सिंगापूरला आमच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात हे गृहस्थ माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. आता तिथे दुसरंच कुणी बसतं. ते पुण्याला परत गेले. पन्नाशीचे, डेटाबेस सांभाळण्यात वाकबगार. आयुष्यात बॅट धरली असेल तर गल्लीतल्या क्रिकेटची. पण त्या अमेरिकन गावात त्यांनी अकरा वर्षं नोकरी केली होती. तिथेच लग्न मोडलं, मुलगा आईकडे राहिला आणि हे सिंगापूरला आले. असा एखादा शेजारी तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्याबद्दल सगळं ठाऊक असतं आणि विचारता काहीच येत नाही.

तिकडची संध्याकाळ ती आपली सकाळ. बिशान स्टेशनात आम्ही दोघं एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढायचो तोवर सामना अर्धा झालेला असे आणि यांच्या लोकांनी मान टाकलेली असे. एकदा मी विचारलंच, इतकं हरतात तर बघता कशाला? त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. सामना उघडलेलाच नव्हता. ते प्रेक्षकांचे शेरे वाचत होते. तिकडे लोक कागदी पिशव्या डोक्यात घालून, डोळ्यांपुरती भोकं पाडून मैदानात बसले होते. एकानं लिहिलं होतं, मी इथे सॉसेज खायला आलोय, मधेमधे हे लोक कशाला कडमडतायत?

त्यातला बरा टोमणा निवडून ते मुलाला पाठवत. मुलगा सोळा वर्षांचा. तो उलट 'लोल' लिही. झालं. बापलेकांचं दिवसभराचं बोलणं तेवढंच. एखाद्या दिवशी तेही येत नसे. मग दुपारी हॉकर सेंटरच्या स्टॉलांवर आम्ही सगळे जेवायचो आणि हे नुसता भात चिवडत बसायचे. माझी मुलगीही घरी इथल्या पोरांच्या त्या 'ओके लाह'च्या पुढे बोलत नाही, पण निदान ती समोर असते.

मला काही ते बघवेना. मीही पुण्याचीच आहे, टोमणे मारायला मला शिकवावं लागत नाही. म्हटलं, तुमचे ते अमेरिकन शेरे अगदीच मिळमिळीत आहेत, मी देते. दुसऱ्या दिवशी संघ आपटला तेव्हा मी पाटी सांगितली: 'येथे धावा मिळणार नाहीत. उगाच चौकशी करू नये.' त्यांनी गंभीर चेहऱ्यानं ती इंग्रजीत उतरवली आणि पाठवून दिली. पाच मिनिटांत मुलानं विचारलं, हे कुणी लिहिलं? यांनी उत्तर दिलं, मी. धडधडीत खोटं! मी दुसरी पाटी रचायला घेतली.

मग रोज एक पाटी. 'दुपारी एक ते चार बंद. चारनंतरही खेळूच असे नाही.' 'चेंडू बॅटला लागल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.' पोरगा त्या पाट्या मित्रांना पाठवू लागला. 'लोल'च्या जागी आता पुरी वाक्यं येऊ लागली. एकदा तर त्यानं विचारलं, बाबा, तू आधीपासूनच इतका विनोदी होतास का? ते वाक्य यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. हसले मात्र नाहीत. ते हसतच नसत. दाढ दुखत असली की माणूस जबडा जपून ठेवतो, तसा चेहरा.

खरं सांगते, तो संघ हरावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसायची.

सप्टेंबर संपत आला. चांगले संघ पुढे खेळत राहतात, हरणाऱ्यांना घरी पाठवतात, अशी तिकडची रीत. यांच्या संघाचा पुढचा सामना एकदम एप्रिलमध्ये. "सहा महिने," ते म्हणाले आणि कामाला लागले.

शेवटचा सामना तिकडच्या रविवारी दुपारी झाला. सोमवारी मी ऑफिसात पोचले तर हे फोन समोर ठेवून बसलेले.

"जिंकलो आम्ही."

मेले नतद्रष्ट! वर्षभर आपटले आणि नेमके आज जिंकले. मी एक फर्मास पाटी तयार ठेवली होती, ती फुकट गेली. शेवटी म्हटलं, "पाटी राहू द्या. नुसतं कसा आहेस म्हणून विचारा."

"तसं आम्ही बोलत नाही."

मी काही ऐकलं नाही. तेवढं एक वाक्य लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. पाठवलं आणि फोन पालथा घातला. तो लगेच थरथरला. त्यांनी उलटून पाहिलं आणि माझ्याकडे सरकवला. मुलानं विचारलं होतं, काय झालं? तब्येत बरी आहे ना?

साधं 'कसा आहेस' विचारलं, तर पोराला वाटलं बापाचं काहीतरी बिनसलंय. म्हटलं, अहो, काही नाही म्हणून कळवा लवकर, उगाच घाबरेल तो.

फोन पुन्हा थरथरला. त्यावर 'बाबा?' एवढंच होतं. ते त्या शब्दाकडे बघत राहिले. हात टेबलावर तसेच.

"लिहितो," ते म्हणाले. "थोडा वेळ करू दे त्याला माझी काळजी."