ओलं म्हणजे किती ओलं

आहेर मॅडमच्या पर्समध्ये कायम एक स्टीलचा चमचा असायचा. मी कॉलेजात नवीन लागले तेव्हा वाटलं, डब्यासाठी असेल. मग विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेच्या तालमी सुरू झाल्या आणि चमच्याचं खरं काम कळलं. मुलं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभी राहून आपापला प्रकल्प मांडायची, मॅडम समोर बसायच्या आणि कुणी बसवून दिलेलं वाक्य सोडून स्वतःचं काही बोलायला लागलं की चमचा टेबलावर वाजायचा. टण्ण! पोरगं मुकाट परत पाठ केलेल्या ओळीवर.

"ठरलेलं सोडायचं नाही," त्या बजावायच्या. "आपली पोरं खेड्यातली. अडखळली की लोक चुकचुकतात. ते चुकचुकणं मी ऐकलेलं आहे." मॅडम सटाण्याकडच्या. शिकवायला लागल्यावर पहिल्याच तासाला त्यांच्या तोंडून अहिराणी निघाली आणि सगळा वर्ग खिदळला होता. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्या प्रत्येक तास आधी पाठ करूनच घेत राहिल्या. पण माया तेवढीच. तालमीला शेंगदाण्याचे लाडू घेऊन यायच्या. "पोटात काही नसेल तर तोंडातून काय निघणार, कपाळ?" म्हणत स्वतः वाटायच्या.

सायखेड्याची अश्विनी त्यांची फार लाडकी. घरचा भाजीचा मळा. मेथीची जुडी ओल्या गोणपाटात, केळीच्या पानात आणि प्लॅस्टिकमध्ये ठेवली तर कशात जास्त टवटवीत राहते, हा तिचा प्रकल्प. साधाच, पण सगळा तिने स्वतः केलेला. तिची निवड झाली असती तर पुढच्या फेरीला पुण्याला जाता आलं असतं, आणि मग एमएस्सीला घालायचं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. मॅडमनी तिच्याकडून इतकं घोटून घेतलं की ती झोपेतही ते म्हणत असावी. प्रश्न मी विचारायचे, उत्तरं मॅडमनी लिहिलेली असायची.

परिषदेत अश्विनी सुरेख बोलली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग परीक्षक म्हणाले, "गोणपाट योग्य प्रमाणात ओलं ठेवलं म्हणतेस. ओलं म्हणजे किती ओलं? कसं ठरवलंस?"

हा प्रश्न आमच्या तालमीत नव्हता. अश्विनीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "सर, आमच्या मळ्यात ना, आई लय..."

टण्ण!

मॅडमचा हात सवयीने चालला होता. चमचा समोरच्या खुर्चीच्या दांडीवर वाजला होता. मी शेजारीच बसले होते. अश्विनीने आमच्याकडे पाहिलं आणि पाठ केलेली ओळ पुन्हा म्हटली, "गोणपाट योग्य प्रमाणात ओले ठेवण्यात आले." परीक्षकांनी विचारलं, "हे काम तू स्वतः केलंयस ना?" तिने पुन्हा आमच्याकडे पाहिलं. तिची निवड झाली नाही.

त्यानंतर मॅडमच्या पर्समध्ये चमचा दिसला नाही. एका रविवारी मला घेऊन त्या सायखेड्याला गेल्या. अश्विनी जुड्या बांधत होती. आम्हाला बघून धावत आली, पाया पडली. मॅडम काही बोलायच्या आत म्हणाली, "मॅडम, माझंच चुकलं. ठरलेलं सोडून मधेच आईचं काढलं मी."

मॅडमच्या तोंडून अहिराणीच निघाली. "नही वं पोर. तुन्हं काहीच चुकनं नही." मग विचारलं, "काय सांगणार होतीस गं तू?"

"जाऊ द्या ना मॅडम. घरचंच होतं, सांगण्यासारखं नव्हतं काही."

परतीच्या वाटेवर मॅडम एकच वाक्य बोलल्या, "चिडली असती तर बरं झालं असतं." एमएस्सी राहिली ती राहिलीच. अश्विनी इंदिरानगरला औषधांच्या दुकानात लागली. मॅडम निवृत्त झाल्या, मग अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले की कुठलंही बोलणं फिरून तिथेच यायचं. "काय सांगणार होती गं ती?" मी म्हणायचे, बोलवू का तिला? तर मान हलवायच्या. "कुठल्या तोंडाने विचारू परत?"

मॅडम गेल्याचं अश्विनीला मीच जाऊन सांगितलं. तिच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. "लय कष्ट घेतले हो मॅडमनी माझ्यासाठी. मीच माती केली."

"नाही गं," मी म्हटलं. "शेवटपर्यंत विचारत होत्या, तू त्या दिवशी काय सांगणार होतीस म्हणून."

"खरंच?" तिचा विश्वास बसेना. काउंटरवर दोघं-तिघं खोळंबले होते. ती अडखळत, शब्द शोधत बोलायला लागली. "ते... आई ना, गोणपाट पिळून गालाला लावून बघते. गार लागलं पाहिजे, पण गाल ओला व्हायला नको. मी पण रोज तसंच बघायचे. एवढंच होतं हो." बोलता बोलता तिने तळहात गालावर टेकवून दाखवला आणि माझ्या पलीकडे दाराकडे पाहिलं, तिथे मॅडम बसलेल्या असाव्यात तसं.

दुकानात कुणी चुकचुकलं नाही. हे ऐकायला तेवढ्या मॅडम हव्या होत्या.