कोरी चकती

माझ्या मित्राच्या प्रबंधातलं मुख्य विधान एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. जस्ताच्या एका फॉस्फेटच्या स्फटिकात पाणी असतं. त्यातलं थोडं पाणी ओव्हनमध्ये तापवूनही निघत नाही, कारण शेजारच्या ऑक्सिजननं ते हायड्रोजन बंधानं घट्ट धरलेलं असतं. पुरावा होता अवरक्त किरणांचा आलेख. पाणी असलं की यंत्राचं पेन तीन हजार चारशेच्या आकड्याजवळ खाली घसरतं आणि कागदावर रुंद खड्डा पडतो. त्याच्या पदार्थाच्या आलेखात तापवण्याआधी खड्डा होता आणि तापवल्यावरही होता. त्या दुसऱ्या खड्ड्यावर त्याची तीन वर्षं उभी होती.

आम्ही दोघं महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. एमआयडीसीत नवे कारखाने येत होते. त्यांपैकी एकाच्या प्रयोगशाळेत हे यंत्र होतं आणि तिथला केमिस्ट काम नसेल तेव्हा आम्हाला ते वापरू देई. आलेखासाठी लागणाऱ्या चकत्या मी करायचो. पदार्थ चिमूटभर घ्यायचा, पोटॅशियम ब्रोमाइडच्या पांढऱ्या भुकटीत घोटायचा आणि दाबयंत्रात दाबायचा, की काचेसारखी चकती निघते. मित्राच्या चकत्या तडकायच्या, माझ्या तडकत नसत.

पण पोटॅशियम ब्रोमाइड हवेतली ओल ओढून घेतं. ते आधी कित्येक तास ओव्हनमध्ये वाळवावं लागतं आणि तेही काम माझ्याकडे होतं. पावसाळ्यात महाडची वीज दुपार-दुपार गायब असे. बाटलीत भुकटीचे खडे झालेले मला दिसायचे. मी ते खलात फोडायचो आणि चकती करायचो.

"वाळवलंयस ना?" तो विचारायचा.

"हो रे," मी म्हणायचो.

आम्ही दोघंही हंगामी होतो. कायम जागा एकच निघाली होती. मंगळवारपर्यंत प्रबंध विद्यापीठात दाखल झाला तर ती त्याची, नाही तर माझी. यादीत त्याच्यामागे मीच होतो.

त्याच्या आदल्या शनिवारी एका आलेखाची स्वच्छ प्रत काढायला मी एकटाच कारखान्यात गेलो. मित्र भातलावणीसाठी घरी, कुडपणला गेला होता. केमिस्ट सहज म्हणाला, "सर, कोरी चकती काढलीत का कधी? नुसत्या ब्रोमाइडची?"

काढली नव्हती. मी ती केली, यंत्रात ठेवली. तिच्यात पदार्थ नव्हताच, त्यामुळे रेघ सपाट जायला हवी होती. पेन तीन हजार चारशेपाशी आलं आणि खाली गेलं. मी तोंडातल्या तोंडात 'थांब' म्हटल्याचं मला आठवतं. ते थांबलं नाही. रुंद, गुळगुळीत खड्डा काढून वर आलं.

"ही तर तुमच्या मित्राचीच रेघ की हो," केमिस्ट म्हणाला.

तेही हायड्रोजन बंधातलंच पाणी होतं. फक्त ते स्फटिकातलं नव्हतं, महाडच्या हवेतलं होतं.

खोलीवर येऊन मी तो कागद गादीखाली घातला, परत काढला. मी गप्प बसलो असतो तर प्रबंध बिनबोभाट गेला असता. असा खड्डा परीक्षकांनी शेकडो वेळा पाहिलेला असतो, कुणी बोट ठेवलं नसतं. बोललो तर त्याची जागा जाणार आणि मला मिळणार. खरं बोलण्यात माझाच फायदा होता, त्यामुळे ते खरं मला खोट्यासारखं वाटत होतं. सकाळी पहिल्या एसटीनं मी पोलादपूरला गेलो. पुढे जीप मिळेल तिथवर जीपनं आणि मग पायी कुडपणला चढलो. वाटेत दोनदा परत फिरलो.

त्याची आई गोठ्यापाशी वैरण टाकत होती.

"आरं मास्तर! येवढ्या पावसात? बस, च्या टाकते," ती म्हणाली. "तुमच्या त्या पाण्याचं काय झालं? माझा पोरगा सांगतो, तापवला तरी पाणी जात नाय म्हणून नोकरी मिळनार. आमच्या गोठ्यातला पन पाणी जात नाय. मला कोन देतंय नोकरी?"

मी हसलो. तो खाली खाचरात होता, गुडघाभर चिखलात. मी बांधावर उभा राहिलो आणि छत्री मिटून सगळं सांगितलं. खडे, वीज, 'हो रे' आणि कोरी चकती.

त्यानं हातातली रोपांची जुडी पूर्ण लावून संपवली. मग कंबर सरळ केली.

"किती दिवसांपासून माहीत होतं?"

"खडे दिसत होते. खड्डा पडेल असं वाटलं नव्हतं."

"वाटलं नव्हतं की बघितलं नव्हतं?"

त्यानं बांधावरची दुसरी जुडी उचलली.

"माझ्यामागे यादीत तूच ना रे?"

"हो."

"मग बरोबर वेळेला चढलास."

आईनं वरून हाक मारली, "काय रं, गोड बातमी का?" त्यानं ओरडून सांगितलं, "खाली जायला लागंल गो आये, काम निघालंय." तिनं आम्हा दोघांना भाकरी वाढली. माझ्या ताटात तूप जास्त घातलं.

उतरताना तो पुढे, मी मागे. एसटीत बसल्यावर तो म्हणाला, "ब्रोमाइड नकोच. पॅराफिनमध्ये घोटू. तेल ओल धरत नाही."

सोमवारी सकाळी महाडच्या बाजारातल्या औषधाच्या दुकानातून आम्ही लिक्विड पॅराफिनची बाटली घेतली. ते पोट साफ व्हायचं औषध. दुकानदारानं आमच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "सर, दोघांनाही का? अर्धाच चमचा घ्या बरं." आम्ही दोघंही हसलो नाही. त्यानं मुकाट्यानं बाटली कागदात गुंडाळली.

कारखान्यात त्यानं मला कशालाही हात लावू दिला नाही. तापवलेला पदार्थ स्वतः तेलात घोटला, त्याचा लेप मिठाच्या दोन पारदर्शक चकत्यांमध्ये दाबला आणि यंत्रात ठेवला. श्वासातली वाफ नको म्हणून मी तोंडावर रुमाल धरून दूर उभा राहिलो.

पेन निघालं. तीन हजार चारशेपाशी ते सपाट गेलं. तिथला खड्डा नाहीसा झाला होता. त्यानं डोळे मिटले. मी मात्र पेनाकडेच बघत होतो. ते पुढे सरकलं आणि तीन हजार शंभरच्या जवळ हळूहळू उतरायला लागलं. उथळ, पसरट खड्डा पडला, आणि मग तेलाच्या स्वतःच्या टोकदार रेघा आल्या.

"डोळे उघड," मी म्हणालो.

त्यानं पाहिलं आणि लगेच म्हणाला, "तेलाचाच उतार असेल. नुसतं तेल घाल." नुसतं तेल घातलं. उतार आला नाही. म्हणजे पाणी होतं. बंध जितका घट्ट, तितका खड्डा खालच्या आकड्याकडे सरकतो, आणि हा चांगलाच सरकलेला होता. त्याचं विधान खरं होतं, त्याला वाटत होतं त्याहून पक्कं. मी केलेल्या चकत्यांच्या ओलीनं ते झाकून टाकलं होतं.

"आहे की मग!" केमिस्ट म्हणाला. "द्या ठोकून उद्या."

"आलेख सगळे चुकीचे आहेत," मित्र म्हणाला. "बंधाची ताकद त्या खोट्या खड्ड्यावरून काढलीय. दोन प्रकरणं नव्यानं लिहावी लागतील. शिवाय तुलनेला घेतलेले अजून सहा पदार्थ आहेत, तेही पुन्हा तपासायचे."

"तसाच दे," मी म्हणालो. "निष्कर्ष खरा आहे ना? आलेख मागाहून बदलू. कुणाला कळणार नाही."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या नखांत अजून खाचरातला चिखल होता.

"हे परवा का नाही सुचलं तुला? वर चढायच्या आधी?"

याचं उत्तर मी आजही शोधतो. मित्र म्हणून चढलो होतो, असं म्हणायला मन धजत नाही. जागेसाठी चढलो, असंही म्हणवत नाही. दोनदा परत फिरलो होतो, तेव्हा नेमकं कशाला भिऊन फिरलो, तेही आता सांगता येत नाही. एवढं खरं की मी भुकटी वाळवली असती, तर त्या पायवाटेनं मला जावंच लागलं नसतं.

मंगळवारी त्यानं प्रबंध दिला नाही. पुढे त्यानं त्याच कारखान्यात नोकरी धरली, पाळ्या सांभाळून सगळे आलेख पुन्हा काढले आणि पदवी मिळवली, पण कॉलेजात तो परत आला नाही. जागा मला मिळाली. नको म्हणता आलं असतं, मी म्हटलं नाही. रुजू होण्याच्या कागदावर सही करत होतो तेव्हा प्राचार्यांनी विचारलं, "तुमच्या मित्राचं काय झालं हो? हुशार होता."

"त्याचं काम अजून अपुरं आहे, सर," मी म्हणालो.

तेही खरंच होतं.