गिरणी थांबली की चक्री मागं

सापगावात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहतो, त्या काकांना दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागतं. मी नांदेडकडचा, आठवीतच शाळा सोडलेला. इथं आलो तेव्हा अंगात ताप होता. काकींनी आठ दिवस पेज पाजली. ते विसरता येत नाही. म्हणून आटगावच्या गोदामातून सुटलो की घरी माझी दुसरी ड्युटी सुरू.

चारला शेजारची भातगिरणी चालू होते आणि आमचं व्होल्टेज बसतं. मशीन पीं पीं करायला लागतं. आपोआप चालणारा स्टॅबिलायझर आणून बघितला, तर तो टकटक करत मशीनच बंद पाडायचा! मग वायरमननं डिमरस्टॅट दिला, व्होल्टेज कमीजास्त करायचा डबा. हातानं चक्री फिरवायची, काटा दोनशे तीसवर आणायचा. पण गिरणी थांबली की व्होल्टेज चढतं, आणि आपली चक्री वाढवलेलीच. मशीन जळालं तर काकांनी श्वास कशावर घ्यायचा? म्हणून गिरणीवाल्याशी ठरलं, बंद करण्याआधी त्यानं हाळी द्यायची, "उतरव रे!" रोज त्या हाळीकडे कान लावून जीव मेटाकुटीला येतो.

मागच्या महिन्यात हाळी आलीच नाही. रस्त्यानं मयत चाललं होतं, आणि मयत जाताना गिरणी थांबवायची हा इथला रिवाज. सगळे अंगणात मान खाली घालून उभे, मीही हात जोडून. घरघर थांबली. काय झालं ते कळायला मला दोन क्षण लागले. मग ओटीवरची बादली लाथाडत आत धावलो. काटा दोनशे साठच्या पुढं! झटकन चक्री मागं घेतली.

मागोमाग काकी आल्या. "लाज हाय का नाय रे? मयत चाललंय नि तू उड्या मारतोस?"

"काकी, मशीन गेलं असतं!"

गिरणीवाला दारात आला होता. मी त्याच्यावरच घसरलो, "हाळी का नाही दिली?"

"मयतासमोर बोंब मारू काय?"

"मग हात तरी हलवायचा!"

"हलवला ना. तूच डोळे मिटून उभा."

नाकातली नळी सावरत काका म्हणाले, "माझं मयत निघंल तवा खुशाल बंद कर रे. तवा मशीनची काळजी नाय."

काकी आत निघून गेल्या.

आता मयत आलं की मी अंगणात जात नाही. एक हात चक्रीवर, नमस्कार दुसऱ्या हातानं.