धडक कुणी दिली?

अकरावीच्या वर्गात दरवर्षी माझं एका शब्दाशी भांडण असतं. धडक देणे. मुलांना विचारलं, ट्रक आणि मोटारसायकलची टक्कर झाली तर जास्त बल कुणावर, की सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "ट्रकनं धडक दिली मॅडम, मोटारसायकलला बसली!" म्हणजे एक देणारा, एक खाणारा. मी डस्टर आपटते. अरे बाबांनो, टकरीत कुणी देत नाही आणि कुणी खात नाही! जेवढं बल याच्यावर, तेवढंच त्याच्यावर, उलट्या दिशेनं. मग दोन ताणकाटे एकमेकांत अडकवते आणि दोन पोरांना ओढायला लावते. एक दांडगा, एक काडीपैलवान. दोन्ही काटे सारखंच दाखवतात, तेव्हा कुठे जरा पटतं.

यंदा हे सगळ्यात आधी उमगलं ते पहिल्या बाकावरच्या मुलीला. इस्लामपूरकडच्या एका खेड्यातून एसटीनं येते. "म्हणजे मॅडम, धडक कुणी देतच न्हाई, दोघांची हुती," ती म्हणाली. मी इतकी खूश झाले की तेच वाक्य तिच्याकडून सगळ्या वर्गाला पुन्हा ऐकवलं.

पुढं ऊसतोडणीचा हंगाम लागला. तिचा थोरला भाऊ मिलिटरी भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे पळायचा. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर तो मोटारसायकलवरून घरी येत होता आणि वळणावर उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना मागं एखादं लाल फडकं. तो मागून जाऊन आदळला. गुडघ्याचा पार चुरा झाला. भरती संपली.

ट्रॉलीवाला भावकीतलाच, म्हणून पोलिसांत कुणी गेलं नाही. गावात मात्र बोभाटा झाला की पोरगंच सुसाट होतं. ते त्या मुलाला खाटेवर पडून ऐकावं लागायचं. घरच्यांचं मागणं एवढंच होतं, की ट्रॉली बिनदिव्याची उभी होती हे त्या माणसानं चारचौघांत कबूल करावं.

देवळात बैठक बसली. ट्रॉलीवाल्याचा पुतण्या माझ्याच वर्गातला. त्यानं घरी काय काय सांगितलं असेल देव जाणे. सगळ्यांदेखत त्या माणसानं मुलीलाच उभं केलं. "तू सायन्सला हायस न्हवं? लय हुशार हायस म्हनं. मग सांग बघू, धडक कुणी दिली?"

आणि ही वेडी पोर, तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी, म्हणाली, "धडक कुणी देत न्हाई. दोघांवर सारखंच बल लागतं."

"झालं की मग!" मांडीवर थाप मारून तो उठला. "घरचीच पोरगी म्हणतीया, दोघं सारखंच. आता आनि काय पायजे?" ती "पण" म्हणेपर्यंत माणसं चपला शोधायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं मला हे सांगितलं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. तडक त्या माणसाच्या घरी गेले. म्हटलं, अहो, बल सारखं असतं, चूक सारखी नसते! तुमची ट्रॉली टनावारी जड, ती जागची हलली नाही. पोराच्या गाडीच्या वेगातली सगळी ऊर्जा पत्रा वाकवण्यात आणि त्याचं हाड मोडण्यात गेली. आणि अंधारात ट्रॉली उभी कुणी केली, हे पुस्तकाला नाही, तुम्हाला विचारायचं असतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "आवं मॅडम, तुमीच शिकवलंय न्हवं? बसा, च्या घ्या."

चहा तसाच ठेवून आले. इतकं हताश मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. ज्या वाक्यासाठी इतकी वर्षं घसा कोरडा केला, ते वाक्य खोटं नव्हतं. खोटं असतं तर निदान मागं घेता आलं असतं.

मुलगी अजून कॉलेजला येते. भाऊ तिच्याशी बोलत नाही. तिनं वाढलेलं ताटसुद्धा तो बाजूला सारतो. परवा तास संपल्यावर ती रेंगाळली.

"मॅडम, मी चुकीचं बोलले का?"

"नाही गं."

"मग परीक्षेत ह्योच प्रश्न आला तर काय लिहू?"

मला तिच्याकडे बघवेना. "तेच लिही," म्हणाले. "मार्क त्यालाच आहेत."