मॅचमधली आईची जाहिरात

वर्ल्ड कपच्या दिवसांत जळगावला आमच्या घरी वडिलांच्या ऑफिसातली मंडळी मॅच बघायला जमायची. क्रिकेट त्यांना कितपत कळायचं ते देव जाणे, पण ओव्हर संपून जाहिराती लागल्या की सगळे सरसावून बसायचे. सगळ्यात झकास जाहिरात कोणती आणि सगळ्यात भिकार कोणती, याचा निकाल तिथल्या तिथे लागायचा. पंच वडील. भिकार ठरली की ते चमच्याने ताट वाजवायचे. साबण, टायर, थंड पेयं, कुणाची म्हणून गय नाही. मलाही हसू यायचं, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी केबलवाल्याने नवीनच टूम काढली. मॅचमधल्या मोठ्या जाहिराती झाकून त्या जागी तो गावातल्या जाहिराती दाखवायला लागला. साड्यांचं दुकान, शिकवणीचे क्लास, पाइपवाले, असं काहीबाही. आई उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका जमवून उडदाचे पापड आणि ज्वारीच्या बिबड्या करायची. त्याचा धंदा करायचा, तोही स्वतःच्या हिमतीवर, असं तिच्या मनाने घेतलं होतं. केबलवर जाहिरात द्यायची कल्पना तिचीच. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाला न विचारता काही ठरवलं होतं.

लग्नांचं शूटिंग करणारा एक जण कॅमेरा घेऊन अंगणात आला. आईने शुद्ध भाषेतली दोन वाक्यं घोकून ठेवली होती. ती धुळ्याकडच्या खेड्यातली, घरात बोलायची ती अहिराणीच. वडीलही तिकडचेच, पण नोकरीला लागल्यापासून त्यांनी ती बोली चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवली होती. दिवा लागला, कॅमेरा सुरू झाला आणि आई घोकलेलं सगळं विसरली. पापडांवर हात ठेवून म्हणाली, "हाई बठ्ठं घरनं शे. खाई देखा."

सगळं घरचं आहे, खाऊन बघा. बस, एवढंच. शूटिंगवाल्याला ते फार आवडलं, त्याने तसंच ठेवलं. आईचा जीव मात्र टांगणीला लागला. लोक हसतील का हो, असं ती वडिलांना सारखं विचारत होती. कोण हसतंय, तू उगाच घोर लावून घेऊ नकोस, असं ते पेपरातून मान वर न करता सांगायचे.

मॅचच्या दिवशी ओव्हर संपली आणि आई पडद्यावर आली. खरी आई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं बोलणं संपलं. कुणीतरी तोंडातल्या तोंडात "शे" म्हणालं, कुणी खाली बघून हसू दाबलं. मग सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं.

त्यांना गप्प बसता आलं असतं. 'पुढची बघा' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण त्यांचे कान लाल झाले होते. ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले आणि त्यांनी ताट वाजवलं. बाकीच्यांची तोंडं उतरली. एक जण घाईघाईने म्हणाला, वहिनी, जाहिरात छान आहे हो. आई आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. "साखर कमी असेल तर सांगा," ती म्हणाली. स्वच्छ, ऑफिसातल्या बाईसारखं. मला वडिलांचा इतका संताप आला की मी चहाला हातही लावला नाही.

त्या दिवसापासून आईने अहिराणी सोडली. आमच्याशी नाही, गल्लीतल्या बायकांशी नाही, धुळ्याहून मावशी आली तरी तिच्याशीही नाही. वडील एकदोनदा मुद्दाम अहिराणीत काहीतरी बोलले. ती त्यांना 'काय हवंय तुम्हाला?' असं विचारायची. माफी मागणं त्यांना जमलं नाही.

आणि गंमत बघा, पापड तुफान खपले. त्या केबलवाल्याची तार आसपासच्या खेड्यांतही गेली होती, आणि ती जाहिरात तिथल्या माणसांच्या मनात बसली होती. एक दिवस दुपारी एक म्हातारी अक्का एसटीतून उतरून, पत्ता विचारत विचारत आमच्या दारात आली. टीव्हीतल्या त्या बाईला भेटायचंय म्हणाली. आई म्हणाली, मीच ती, या ना, बसा. अक्काने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"तू नही. ती आपलासारखी बोलस."

वडील खुर्चीत बसले होते. त्यांनी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी ती बोलेल, एक शब्द तरी. आईने पापडांची पिशवी अक्काच्या हातात दिली, पाणी दिलं, आणि हळूच म्हणाली, "ती बाई आता इथे राहत नाही."

अक्का हळहळली. तिला निरोप सांगा म्हणाली, आणि आईने हो म्हटलं.