भेटीनंतर घरी येणाऱ्या अनसूयाबाई

आदरणीय अनसूयाबाईंची आणि माझी पहिली भेट बुलढाण्याला, वऱ्हाडातल्या शिक्षकांच्या सभेत झाली. रोहिणखेडच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते, एकटीच. बाई मलकापूरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. चहाच्या वेळी त्यांनी माझ्या शाळेची चौकशी केली.

"मुली येईनाशा झाल्यात. अशानं शाळा बंद पडेल," मी म्हणाले. तेवढ्यात सभेची घंटा झाली. त्या दिवशी पुष्कळ ओळखी झाल्या. निघताना सगळेच "भेटू हो" म्हणाले.

पुढच्याच रविवारी माझ्या दारात बैलांची दमणी थांबली. धुळीने माखलेल्या बाई खाली उतरल्या.

"आपलं बोलणं अर्धंच राह्यलं होतं," त्या म्हणाल्या आणि पाणी पिऊन मला घेऊन गावात निघाल्या.

पहिले घर गंगूबाईंचे. त्यांची सरू वर्गात सर्वांत हुशार, पण दिवाळीपासून शाळेत फिरकली नव्हती.

"पोरीले काऊन धाडत नाही वं, माय?" बाईंनी विचारले.

"मी वावरात जातो. मंग लहान्याले कोन पाहीन?"

"त्यालेबी धाड संगं."

"शाळेत? अन् रडला तं?"

"मास्तरीनबाई घेतीन कडेवर," बाईंनी मला न विचारताच सांगून टाकले!

सोमवारी सरू आली, कडेवर भाऊ. तिचे पाहून इतर मुलीही भावंडांना घेऊन येऊ लागल्या. वर्गाच्या कोपऱ्यात मी झोळी बांधली. शाळा टिकली. सरू तर पुढे चौथी पास होणारी गावातली पहिली मुलगी ठरली.

त्या रविवारनंतर महिन्याभराने बाई पुन्हा आल्या, त्या थेट गंगूबाईंकडे, बाळासाठी झबले घेऊन. एवढा त्रास कशाला घेता, असे मी विचारले.

"एकदा सांगून निघून गेलं, तं माणसाले वाटते, काम होतं म्हणून आल्या होत्या."

पुढे मी हिवतापाने अंथरूण धरले, तेव्हा माझ्या उशाशी गंगूबाई बसून होत्या. परक्या गावात मला माणसे मिळाली, ती बाईंमुळे.

बाईंना आज साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना आता दमणीत चढवत नाही. तेव्हा मंडळी, यापुढे आपणच त्यांच्याकडे जायचे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्यांच्या ओसरीवर माणसांची वर्दळ कधी कमी न होवो.